पर्यावरणपूरक आणि आगीत टिकणारं बांधकाम: साहित्य निवडताना सुरुवात कुठून करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तळमजला अधिक दोन मजल्यांची इमारत बांधायची आहे. खाली छोटं ऑफिस असेल, वर तुम्ही राहाल. सिमेंट आणि स्टील होईल तितकं कमी वापरायचं आहे, पण आगीच्या बाबतीत तडजोड नको. एएसी ब्लॉक (हवेच्या बुडबुड्यांचे हलके काँक्रीट ब्लॉक), मातीचे दाबलेले ब्लॉक, लाकूड, बांबू आणि ईपीएसचं (थर्मोकोलचं) दोन पत्र्यांमधलं सँडविच पॅनेल अशी यादी तुम्ही काढली आहे. पॅनेलवाल्याने ‘फायरप्रूफ’ लिहिलेलं प्रमाणपत्रही हातात दिलं आहे. आता यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?

ईपीएस पॅनेल भिंतींसाठी यादीतून काढून टाका, एवढं मी लगेच सांगेन. बाकीच्यांत एकाला पहिला नंबर देता येत नाही. आग लागते तेव्हा भिंतीत ब्लॉक एकटा नसतो. त्याच्याबरोबर सांध्यातला मसाला असतो, दोन्ही बाजूंचा गिलावा असतो, स्लॅबखाली राहिलेली फट असते, आरपार गेलेला पाइप असतो आणि वायरिंगसाठी मारलेली झिरी असते. भिंत किती वेळ टिकेल हे या सगळ्यांतल्या सर्वांत कच्च्या जागेवरून ठरतं. पर्यावरणाचा हिशोबही पूर्ण भिंतीचाच करावा लागतो, सुट्या ब्लॉकचा करून भागत नाही. म्हणून मी कोणत्या भागाला किती मिनिटं टिकायचं आहे हे आधी ठरवतो. मग तेवढी मिनिटं देणाऱ्या रचना शोधतो, आणि त्यांतली सर्वांत कमी कार्बनची घेतो. हा क्रम उलटा केला की ‘हिरवं’ साहित्य आधी येतं आणि त्याला आगीपासून वाचवायला वरून बोर्ड, रंग आणि रसायनं चढवावी लागतात.

बहुतेक घोटाळा दोन वेगळ्या चाचण्या एकच समजल्यामुळे होतो. पहिली चाचणी पदार्थाची असते. तो किती सहज पेटतो, ज्वाळा किती पसरवतो, धूर किती करतो, वितळून त्याचे पेटते थेंब पडतात का, हे तीत बघतात. युरोपीय वर्गवारीत याला ए१ पासून एफपर्यंत वर्ग आहेत. धुरासाठी एस१ ते एस३ आणि थेंबांसाठी डी० ते डी२ असे जोडवर्ग असतात. दुसरी चाचणी पूर्ण भिंतीची, स्लॅबची किंवा दाराची असते, आणि तिचा निकाल मिनिटांत येतो. नमुना भट्टीला लावतात. आयएसओ ८३४ या मानकातल्या वक्राप्रमाणे भट्टीचं तापमान ५ मिनिटांत ५७६ अंश सेल्सिअस, ३० मिनिटांत ८४२, तासाभरात ९४५ आणि दोन तासांत १०४९ अंशांवर जातं. नमुन्याने भार पेलत राहायचं असतं, फटींतून ज्वाळा आणि गरम वायू पलीकडे जाऊ द्यायचे नसतात, आणि थंड बाजूचं तापमान सरासरी १४० अंशांपेक्षा व कोणत्याही एका जागी १८० अंशांपेक्षा जास्त वाढू द्यायचं नसतं.

या दोन निकालांचा एकमेकांशी मेळ बसेलच असं नाही. लोखंडी पत्रा अजिबात जळत नाही, तरी पत्र्याची भिंत काही मिनिटांत दुसऱ्या बाजूने इतकी तापते की तिला टेकवलेलं कपाट पेटतं. उलट जाड लाकडी तुळई जळते, पण तासभर भार पेलू शकते. तेव्हा ‘अज्वलनशील’ लिहिलंय म्हणजे ‘एक तास टिकतं’ असा अर्थ काढू नका.

‘फायरप्रूफ’ हा तर कोणत्याच चाचणीतला वर्ग नाही. पॅनेलवाल्याकडून चाचणीचा पूर्ण अहवाल मागा, मुखपृष्ठावर थांबू नका. नमुन्याची जाडी, उंची, कडा कशाला बांधल्या होत्या, स्क्रूमधलं अंतर, सांध्यात काय भरलं होतं, भार दिला होता का आणि आग कोणत्या बाजूने होती, हे सगळं त्यात असतं. भिंतींचे नमुने साधारण ३ मीटर बाय ३ मीटरचे असतात. तुमच्या ऑफिसची भिंत साडेचार मीटर उंच असेल तर तो आकडा जसाच्या तसा लागू होत नाही, कारण उंच भिंत आगीत जास्त वाकते. अहवालातलं उत्पादनाचं नाव आणि साइटवर आलेल्या मालावरचं नाव एकच आहे का, हेही बघा. जाडी बदललेला किंवा वेगळा गाभा भरलेला माल जुन्या अहवालावर खपवला जातो.

किती मिनिटं लागतील, हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. इमारतीची उंची, जिने किती, शेजारची भिंत किती लांब, ऑफिसात काय साठवणार आणि तिथली बांधकाम नियमावली काय म्हणते, यावर ते ठरतं. तुमच्या आर्किटेक्टकडून आकडे लिहून घ्या: सांगाडा, मजले, जिन्याभोवतीची भिंत, ऑफिस आणि घर यांच्यातला स्लॅब, शेजाऱ्याकडची बाहेरची भिंत. ऑफिस आणि घर वेगळं करणारा स्लॅब आणि जिना हे दोन भाग मी सर्वांत कडक धरतो. खालच्या मजल्यावरची आग वर झोपलेल्या माणसांपर्यंत याच दोन वाटांनी जाते.

आता कार्बनचा हिशोब. उत्पादनाच्या पर्यावरण घोषणापत्रात (आयएसओ १४०२५ आणि ईएन १५८०४ प्रमाणे केलेल्या) आकडे टप्प्यांत दिलेले असतात. (ही टप्प्यांची नावं आहेत, आगीचे वर्ग नव्हेत.) ए१ ते ए३ म्हणजे कच्चा माल ते कारखान्याचं दार, ए४ वाहतूक, ए५ साइटवरचं काम, आणि सी म्हणजे आयुष्य संपल्यावरची विल्हेवाट. आकडा किलोमागे आहे की घनमीटरमागे, ते आधी बघा. एएसी सुमारे ६०० किलो प्रति घनमीटर धरला तर २०० मिमी भिंतीचं वजन चौरस मीटरला १२० किलो भरतं. मातीचा ब्लॉक १९०० किलोचा धरला तर तेवढीच भिंत ३८० किलोंची होते. किलोमागचा आकडा मातीच्या ब्लॉकला झुकतं माप देतो, पण त्या वजनासाठी खालची बीम, कॉलम आणि पाया मोठे करावे लागले तर वाचवलेलं सिमेंट तिथे परत जातं. म्हणून काँक्रीटच्या सांगाड्यात भराव भिंत (भार न घेणारी, नुसती जागा भरणारी) असेल तर हलका ब्लॉक बरा. भिंतीच भार घेणार असतील तर मातीचा ब्लॉक उजवा, कारण मग सांगाड्याचं बरंचसं काँक्रीट लागतच नाही. भूकंपप्रवण भागात मात्र हा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचाच असतो. लाकडाच्या घोषणापत्रात ए१ ते ए३ ला उणे आकडा दिसतो, कारण झाडाने शोषलेला कार्बन तिथे वजा केलेला असतो. सी टप्प्यात तो पुन्हा बेरजेत धरलेला असतो. फक्त पहिला आकडा दाखवणाऱ्याला दुसरा विचारा.

सिमेंट कमी करायचं असेल तर सर्वांत मोठी बचत भिंतीत नसते. ती काँक्रीटच्या मिश्रणात असते. सिमेंटचा क्लिंकर (भट्टीत भाजून निघणारा, दळून सिमेंट होणारा पदार्थ) बनवताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा जवळपास ६० टक्के भाग चुनखडी फुटण्याच्या रासायनिक क्रियेतूनच येतो. भट्टी कितीही सुधारली तरी तो टळत नाही, त्यामुळे क्लिंकर कमी वापरणं हाच उपाय उरतो. फ्लाय अॅश किंवा स्लॅग मिसळलेलं सिमेंट घ्या. एलसी३ नावाचं मिश्र सिमेंट मिळत असेल तर त्यात साधारण ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम असतं. अशा मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला सुरुवातीची ताकद हळू येते. टेकू नेहमीच्या दिवशी काढले तर स्लॅब बाक धरतो, म्हणून ते जास्त दिवस ठेवा. पाणी ७ दिवसांऐवजी किमान १० दिवस मारा. कंत्राटदार इथे कुरकुर करेल, त्यामुळे हे दिवस करारातच लिहा.

आगीत काँक्रीटला दोन गोष्टी सांभाळतात: जाडी आणि सळईवरचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर. युरोकोड या युरोपीय मानकाच्या तक्त्यात एकाच दिशेने भार वाहणाऱ्या साध्या स्लॅबला ६० मिनिटांसाठी किमान ८० मिमी जाडी आणि पृष्ठभागापासून सळईच्या मध्यापर्यंत २० मिमी अंतर दिलं आहे. १२० मिनिटांसाठी तेच १२० मिमी आणि ४० मिमी होतं. म्हणजे आगीची मिनिटं दुप्पट करताना जाडी दीडपट होते, पण सळईचं हे अंतर दुप्पट करावं लागतं. साइटवर नेमकं तेच मारलं जातं. कव्हर ब्लॉकऐवजी खडी सरकवतात, काँक्रीट ओतताना माणसं जाळीवर चालतात, आणि सळई शटरिंगला टेकते. वरून गिलावा झाला की कोणाला काही दिसत नाही. काँक्रीट ओतण्याआधी स्वतः खाली वाकून बघा.

जास्त ताकदीचं काँक्रीट म्हणजे आगीत जास्त सुरक्षित, असंही नाही. खूप घट्ट, सिलिका फ्यूम (अतिबारीक सिलिका पूड) घातलेल्या काँक्रीटमधली वाफ बाहेर पडू शकत नाही आणि पृष्ठभागाचे तुकडे उडतात. तसं काँक्रीट लागलंच तर घनमीटरला सुमारे २ किलो पॉलिप्रॉपिलीन तंतू घालतात. ते वितळले की वाफेला वाट मिळते. तीन मजल्यांना या वाटेला जायची गरजच पडू नये.

उघडं स्टील हे ‘पुन्हा वापरता येतं’ म्हणून पर्यावरणपूरक मानलं जातं, आणि ते खरंही आहे. पण ५५० ते ६०० अंशांच्या आसपास त्याची जवळपास निम्मी ताकद गेलेली असते, आणि साधारण आगीत तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही. शिवाय १० मीटरची बीम ५०० अंशांनी तापली तर ६० मिमी लांबते आणि टोकाच्या भिंतीला ढकलते. आगीत फुगून संरक्षक थर होणारा रंग लावायचा असेल तर जाडी प्रत्येक सेक्शनसाठी वेगळी काढावी लागते. सडपातळ सेक्शन लवकर तापतो, म्हणून त्याला जास्त थर लागतो. खालचा प्रायमर त्या रंगाशी जुळणारा नसेल तर आगीत फुगलेला थर सोलून खाली पडतो. सुकल्यावर मीटरने जाडी मोजून नोंद ठेवली नसेल, तर तो रंग फक्त रंगच समजावा.

लाकडाकडे लोक विनाकारण घाबरून बघतात, आणि बांबूकडे विनाकारण निर्धास्तपणे. जाड लाकूड ठरलेल्या वेगाने कोळसा होत आत जळतं. चिकटवलेल्या लाकडाच्या तुळईला मिनिटाला ०.७ मिमी, अखंड मऊ लाकडाला ०.८ मिमी धरतात. तासाभरात ४२ मिमी जळतं. कोळशामागचा आणखी ७ मिमी थर तापून निकामी झाला असं धरायचं असतं, म्हणजे प्रत्येक उघड्या बाजूने ४९ मिमी गेले. चारही बाजूंनी आग लागलेल्या ३०० बाय ३०० मिमीच्या खांबात ६० मिनिटांनंतर २०२ बाय २०२ उरतं. तेवढ्यावर भार पेलतो का, हे इंजिनिअर तपासतो. पेलत असेल तर वेगळ्या बोर्डाची गरज नाही. पण ४० मिमी जाडीच्या वाशाला असं काही राखीव नसतं, त्याला खालून बोर्ड लावावाच लागतो. आणि सांध्यातली लोखंडी प्लेट उघडी ठेवली तर हा सगळा हिशोब वाया जातो, कारण ती प्लेट तापते आणि उष्णता सरळ लाकडाच्या गाभ्यात नेते. प्लेट आत दडवा, बोल्टच्या तोंडावर लाकडाची जाड बुचं बसवा. क्रॉस लॅमिनेटेड पॅनेल (उभ्या-आडव्या फळ्यांचे थर चिकटवून केलेलं) घेत असाल तर गोंद विचारा. काही गोंद उष्णतेत सुटतात, जळालेला थर गळून पडतो, आतलं ताजं लाकूड उघडं पडतं आणि विझत आलेली आग पुन्हा भडकते.

बांबू पोकळ असतो आणि त्याची भिंत बऱ्याचदा सेंटिमीटरभरच असते. मिनिटाला पाऊण मिमीच्या आसपास वेग धरला तरी तासाभरात काहीच उरत नाही, आणि पोकळीतून आतूनही आग लागते. बोरॅक्स-बोरिक अॅसिडची प्रक्रिया किडीसाठी उत्तम आहे. ज्वाळेला ती थोडी आळा घालते, पण पावसात धुऊन जाते. तिला आगीची मिनिटं म्हणून मोजू नका. तुमच्या इमारतीत बांबू मी वरच्या मजल्याच्या भार न घेणाऱ्या भिंतीत, दोन्ही बाजूंनी चुना किंवा सिमेंटच्या जाड गिलाव्याखाली ठेवेन, किंवा मुख्य भिंतीपासून दूर असलेल्या मांडवात. जिन्यात तर नाहीच.

मातीच्या ब्लॉकला आगीची फारशी भीती नाही. त्याची कसोटी सिमेंटच्या प्रमाणात आणि पाणी मारण्यात लागते. ७ टक्के सिमेंट असेल तर १९०० किलोच्या घनमीटरला १३३ किलो सिमेंट लागतं, १० टक्के केलं की १९० किलो. ‘जरा जास्त घाला, मजबूत होईल’ असं कोणी म्हणालं तर ही वजाबाकी दाखवा. माती तपासून, चिकणमाती जास्त असेल तर वाळू मिसळून, योग्य दाब देऊन काढलेल्या ब्लॉकला जास्तीचं सिमेंट लागत नाही.

एएसीच्या १०० मिमी भिंतीचेही चांगले चाचणी निकाल बाजारात असतात. प्रत्यक्षात ती भिंत इलेक्ट्रिशियन कमकुवत करतो. १०० मिमीच्या भिंतीत ३५ मिमीची झिरी मारली की तिथे ६५ मिमीच उरते. उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल जाऊ देऊ नका. ज्या भिंतींना आगीची मिनिटं हवी आहेत, तिथे १५० किंवा २०० मिमीचा ब्लॉक घ्या किंवा वायरिंग बाहेरून पाइपातून न्या.

जिप्सम बोर्डाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण फॉल्स सीलिंगला तो येणारच. जिप्समच्या वजनात सुमारे २१ टक्के पाणी रासायनिकरीत्या बांधलेलं असतं. १२.५ मिमी बोर्डाच्या एका चौरस मीटरचं वजन ९ किलोंच्या आसपास असतं, म्हणजे जवळपास पावणेदोन ते दोन किलो पाणी वाफ होऊन जाईपर्यंत बोर्डामागचं तापमान शंभर अंशांच्या घरात रेंगाळतं. साधा बोर्ड त्यानंतर भेगा पडून गळतो. अग्निरोधक बोर्डात काचतंतू असतात, त्यामुळे तो सुकल्यावरही जागेवर राहतो. दोन थर लावायचे असतील तर वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. मॅग्नेशियम ऑक्साइडचे बोर्ड जास्त हिरवे आणि जास्त अग्निरोधक म्हणून विकले जातात. मॅग्नेशियम क्लोराइडने बांधलेले असे बोर्ड डेन्मार्कमध्ये बाहेरच्या भिंतींवर वापरले गेले, त्यांनी हवेतली ओल ओढली, खारं पाणी पाझरलं आणि आतले स्क्रू व लाकूड खराब झालं. दमट हवेत ते बाहेर लावू नका.

सगळ्यात जास्त वेळ ज्यावर घालवायला हवा तो विषय म्हणजे उष्णतारोधक थर. पर्यावरण आणि आग यांचं खरं भांडण इथेच आहे. ईपीएस शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, आक्रसतं, वितळतं आणि त्याचे पेटते थेंब खाली पडतात. ‘एफआर’ (आग मंदावणाऱ्या) ईपीएसमधलं रसायन काडीची किंवा ठिणगीची छोटी ज्वाळा थोपवतं. पेटलेल्या खोलीपुढे ते निरुपयोगी असतं. त्यासाठी पूर्वी वापरलं जाणारं एचबीसीडी हे रसायन २०१३ मध्ये चिवट विषारी रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या बंदीयादीत गेलं, तेव्हा जुना साठा किंवा पुन्हा वापरलेलं ईपीएस घेताना हेही विचारा. पीआयआर हा दुसरा कडक फोम कोळशाचा थर धरतो म्हणून ईपीएसपेक्षा बरं, तरी ते जळतंच आणि धूर विषारी असतो. दगडी लोकर १००० अंशांच्या वर टिकते. काचलोकरही जळत नाही, पण ती बरीच आधी मऊ होऊन बसते आणि फ्रेममध्ये मोकळी जागा सोडते. कागदाच्या लगद्याचं सेल्युलोज, लाकूडतंतू आणि बूच यांचा धोका वेगळा आहे. ते ज्वाळेशिवाय आतल्या आत धुमसतात, आणि आग विझली असं वाटल्यावर काही तासांनी दुसऱ्याच खोलीत धूर येतो.

आता कार्बनची बाजू. दगड वितळवून केलेली लोकर हलकी नसते. बाहेरच्या भिंतीची लोकर ईपीएसच्या कितीतरी पट घन असते, त्यामुळे चौरस मीटरमागे तिचा कार्बन ईपीएसपेक्षा जास्तही निघू शकतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. यातून वाट काढायची ती जागा बघून. जिथे थर दोन्हीकडून काँक्रीटमध्ये बंद होतो, म्हणजे जमिनीवरच्या फरशीखाली किंवा गच्चीच्या स्लॅबवर कोब्याखाली, तिथे फोम चालतो, कारण आगीला तिथे हवाच मिळत नाही. बाहेरच्या भिंतीवर, हवेची पोकळी असलेल्या क्लॅडिंगमागे (बाहेरून लावलेल्या आवरणामागे), जिन्यात आणि शाफ्टमध्ये (पाइप-वायरच्या उभ्या पोकळीत) फक्त अज्वलनशील थर. एकच माल सगळीकडे वापरायचा हट्ट सोडला की दोन्ही हिशोब बऱ्यापैकी जुळतात.

पॅनेलला मी नाही म्हणालो तेही याचमुळे. पत्रा तापला की आतलं ईपीएस वितळून जागा सोडतं, पत्र्याची पकड सुटते, पॅनेल वाकतं, आणि आग दोन पत्र्यांच्या मधून बाहेर न दिसता पुढे सरकते. पॅनेलच हवं असेल तर दगडी लोकरीच्या गाभ्याचं, आणि सांध्यासकट चाचणी झालेलं घ्या.

बाहेरच्या क्लॅडिंगचं काय होतं हे लंडनच्या ग्रेनफेल टॉवरने दाखवलं. १४ जून २०१७ च्या त्या आगीत ७२ माणसं गेली. आधीच्या नूतनीकरणात २४ मजली इमारतीला बाहेरून उष्णतारोधक थर आणि त्यावर पॉलिथिलीनच्या गाभ्याचं अॅल्युमिनियम पॅनेल लावलं होतं. त्या बदलामागे ऊर्जा वाचवण्याचा हेतूही होता, आणि आतलं मूळ काँक्रीट उभंच राहिलं. आग बाहेरच्या थरातून आणि त्यामागच्या पोकळीतून वर चढली. असं पॅनेल लावणार असाल तर गाभ्यात खनिज किती ते बघा. ‘एफआर’ गाभ्यात साधारण ७० टक्के खनिज असतं, ए२ वर्गाच्या गाभ्यात ९० टक्क्यांहून जास्त. पोकळीत प्रत्येक मजल्यावर आणि प्रत्येक खिडकीभोवती अडथळा हवा. हवा खेळती ठेवायची असेल तर उष्णतेने फुगून फट बंद करणारी पट्टी मिळते. तीन मजल्यांना, खरं सांगायचं तर, नुसता गिलावा सर्वांत कमी कार्बनचा आणि सर्वांत निर्धोक.

मग फटी. चांगल्या साहित्याची इमारत इथेच हरते, आणि इथे पर्यावरणाचा काही प्रश्नही नसतो, फक्त शिस्तीचा असतो. भराव भिंत आणि वरची बीम यांच्यात स्लॅबच्या बाकासाठी १० ते २० मिमी फट ठेवतात. ती साध्या पीयू फोमने भरलेली बहुतेक साइटवर दिसेल. तो फोम जळून गेला की दोन तासांच्या भिंतीला वरून पूर्ण लांबीचं भोक पडतं. दाबून भरलेली दगडी लोकर आणि वर चाचणी झालेलं सीलंट हवं. पीव्हीसीचा ११० मिमी पाइप आगीत वितळतो आणि तेवढंच भोक मागे सोडतो. त्यावर आगीत फुगून भोक बंद करणारी कॉलर (पाइपाभोवतीचं कडं) लावतात: भिंतीत दोन्ही बाजूंना, स्लॅबला खालून. कॉलर चिकटवून चालत नाही, धातूच्या अँकरने बसवायची, कारण प्लास्टिकचा प्लग आधी वितळतो. शाफ्ट प्रत्येक मजल्यावर स्लॅबच्या पातळीला बंद करा. फ्रेमच्या भिंतीत दोन्ही खोल्यांचे स्विचबॉक्स पाठीला पाठ लावून बसवू नका, किमान ६०० मिमी अंतर ठेवा.

दाराचंही तसंच. चौकट आणि पल्ल्यातली फट ३ मिमीच्या आसपास हवी. ती ८ मिमी झाली की कडेची फुगणारी पट्टी तिला पुरी पडत नाही. फरशी नंतर जाड आली म्हणून सुतार दार खालून तासतो. असं तासलेलं दार चाचणीतलं दार राहत नाही. पातळी आधी पक्की करा आणि मग दाराची ऑर्डर द्या.

जुन्या साहित्याबद्दल एवढंच: चुन्याच्या मसाल्यातली जुनी वीट सहज साफ होते आणि उत्तम चालते, सिमेंटच्या मसाल्यातली साफ करताना फुटते. जुने सिमेंटचे पत्रे घेऊ नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. जळालेल्या इमारतीतलं स्टील ताकद तपासल्याशिवाय घेऊ नका.

तुमच्या इमारतीचं चित्र मला असं दिसतं. जमीन आणि इंजिनिअर परवानगी देत असतील तर भार घेणाऱ्या मातीच्या ब्लॉकच्या भिंती, नाहीतर मिश्र सिमेंटचा सांगाडा आणि एएसी. ऑफिसवरचा स्लॅब आणि जिना काँक्रीटचा. वरचा मजला आणि छप्पर जाड लाकडाचं, वाशांखाली अग्निरोधक बोर्ड. बाहेरून गिलावा, गरज असेल तिथे दगडी लोकर, आणि फोम फक्त फरशीखाली, किंवा काही भागात काँक्रीटची गच्ची असेल तर तिच्या कोब्याखाली. यातलं लाकूड जवळपास मिळत नसेल आणि लांबून आणावं लागणार असेल, तर ए४ चा आकडा पाहून छपराचा निर्णय पुन्हा करा.

बोर्ड आणि सीलिंग लागण्याआधी एक दिवस राखून ठेवा. प्रत्येक कॉलर, प्रत्येक भरलेली फट आणि प्रत्येक झिरीची खोली यांचे मोजपट्टी लावून फोटो घ्या आणि ते नकाशावर क्रमांक टाकून जोडा. नंतर एसीवाला किंवा इंटरनेटवाला नवं भोक पाडेल तेव्हा आधी काय होतं हे त्याच नकाशावरून कळेल, आणि ते भोक कशाने बंद करायचं हेही.